शिवसागरातली शिडाची बोट: शाफ्टचा रबरी बुश

सद्यस्थिती: बोट तापोळ्याला, शिवसागर (कोयना धरणाचा जलाशय) याच्या काठावर, पंखा उतरवलेला, जुना बुश (पाण्याखाली शाफ्ट ज्यात फिरतो ती आतून रबराची नळी) बाहेर. शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंतचा दांडा, २५ मिमी, एसएस ३१६ (स्टेनलेस स्टील).

पंख्याजवळ शाफ्ट हातानं हलवला तर दीड मिमी खेळ होता. या मापाला एक मिमीच्या पुढं गेलं की बुश बदलायचाच. पण जुना लगेच भंगारात टाकू नये, झिजण्याचं कारण त्याच्यावरच दिसतं. खालच्या अंगाला सगळीकडं सारखी झीज म्हणजे पंख्याचं वजन आणि वय, तक्रार नाही. इथं पुढच्या तोंडाला वरचं आणि मागच्या तोंडाला खालचं रबर गेलंय. शाफ्ट बुशात तिरका चालत होता. नुसता बुश बदलला तर नवाही असाच जाणार. शिवाय रबरातल्या पाणी खेळायच्या खाचांत पावसाळ्यातला लाल गाळ गच्च बसलेला. पाणी खेळलं नाही की रबर तापतं आणि शाफ्टला धरतं.

नवा बुश पितळी कवचाचा, आत नायट्राइल रबर, २५ × ४० × १०० मिमी (आतला व्यास, बाहेरचा व्यास, लांबी). लांबी शाफ्टच्या चौपट हवी. सांगलीकडं उभ्या टर्बाइन पंपाचे रबरी बुश सहज मिळतात, जातही तीच, पाण्यावर चालणारी. मोह होतो. पण उभ्या शाफ्टचं वजन बुशावर येत नाही, म्हणून तिथं आखूड बुश चालतो. आपला शाफ्ट आडवा, त्यात टोकाला पंखा लोंबतोय. दोन आखूड बुश एकामागं एक ठोकायचा जुगाडही नको. खाचा जुळल्या नाहीत तर पाणी अडतं.

जुना काढताना ब्रॅकेटवर (बोटीखाली बुश धरून ठेवणारा आधार) हातोडा नाही. हॅकसॉचं पातं आत घालून कवचाला लांबीत दोन चिरा द्यायच्या, ब्रॅकेटला दात लागू न देता; मग कवच आत दुमडतं. नवा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून, साबणाचं पाणी लावून, आट्यांच्या सळईनं ओढून बसवायचा. ग्रीस नाही. सेट स्क्रूसाठी (बुश जागेवर धरणारा ब्रॅकेटमधला स्क्रू) कवचात नुसता खळगा, आरपार भोक नाही. स्क्रू टेकेल इतकाच. पिळला की कवच दबतं आणि नव्याकोऱ्या बुशात शाफ्ट हातानं फिरेनासा होतो.

राहिलं अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं. ते काठावर करून उपयोग नाही. बोट दिवसभर तरंगू द्यायची, डोलकाठीच्या तारा ताणायच्या, मग कपलिंग (इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या दोन चकत्या) उघडायचं. १०० मिमी कपलिंगला चारी बाजूंनी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालायचा. फटीतला फरक ०.१ मिमीच्या आत. मग शाफ्टकडचा अर्धा भाग अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजायचं. मोठी फट सोबत फिरली तर कपलिंग किंवा शाफ्ट वाकडा, लेथवर न्यायचा. जागीच राहिली तर इंजिनच्या पायांचे नट फिरवून इंजिन रेषेत आणायचं.