रिकामी पिकअप रॅम्पवर घसरायची, गॅरेजवाला म्हणे क्लच गेला

वाशीच्या एपीएमसीतून भाजी उचलायची आणि घोडबंदर रोडच्या सोसायट्यांना पोचवायची, हा माझा धंदा. गाडी 1.3 टनी पिकअप, जोर मागच्या चाकांना. एका सोसायटीत माल बेसमेंटमध्ये उतरवावा लागतो. भरलेली गाडी आरामात खाली जाते. रिकामी वर येताना मात्र ओल्या रॅम्पवर अर्ध्यात थांबायची. डावं मागचं चाक जागच्या जागी फिरायचं, रबराचा वास सुटायचा आणि मागे रहिवाशांचे हॉर्न. जूनमध्ये एकाच आठवड्यात तीनदा झालं.

गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकताच सांगितलं, "क्लच गेलाय दादा, प्लेट टाकायला लागेल." मी म्हटलं, अरे, चाक भिंगरीसारखं फिरतंय! क्लच घसरत असता तर इंजिनाचा आवाज चढला असता आणि चाक मंदावलं असतं. इथे ताकद चाकापर्यंत पोचतेय, रस्ता धरत नाहीये. तो ऐकेचना. पहिल्या दिवशी "संध्याकाळी बघतो." दुसऱ्या दिवशी "पार्ट मागवलाय." तिसऱ्या दिवशीही गाडी कोपऱ्यात तशीच, आणि माझी भाजी भाड्याच्या टेम्पोतून. शेवटी त्यालाच गाडीत बसवून रॅम्पवर नेलं, खाली उतरवून फिरणारं चाक दाखवलं. मग म्हणाला, "मागच्या स्प्रिंगचा एक पाटा काढू, मागची बाजू मऊ होईल." रोज 900 किलो माल असतो, पाटा काढला तर गाडी बसेल ना! किल्ली घेतली आणि निघालो. त्या तीन दिवसांचा राग अजून गेलेला नाही.

पुढचं काम एका दुपारचं. मागच्या टायरांची हवा मोजली तर 80 पीएसआय निघाली, दाराच्या स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा बरीच जास्त. टंच टायर रस्त्याला कमी टेकतो. हवा स्टिकरप्रमाणे केली. त्याहून कमी करू नका, भरलेल्या गाडीत टायर तापून फुटतो.

मग रिकाम्या गाडीतही मागच्या चाकांवर वजन राहावं म्हणून सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरली, साधारण 40 किलोच्या पाच, आणि हौद्यात बरोबर मागच्या अॅक्सलवर ठेवल्या. अगदी मागे, फाळक्याशी ठेवल्या तर पुढची बाजू हलकी होऊन स्टिअरिंग सुटल्यासारखं लागतं. दोराने आवळून बांधा, जोरात ब्रेक मारला की सुटी गोणी थेट केबिनवर येते. हे 200 किलो मालाच्या हिशेबात धरायचे.

चाक फिरायला लागलं की अॅक्सिलरेटर सोडा. साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरमध्ये, एक चाक सुटलं की जोर त्याच चाकाकडे वाया जातो. हँडब्रेक एक-दोन खटके ओढून हळूच उचललं तर दुसरंही चाक थोडं धरतं. सपाट चिखलात दुसऱ्या गिअरवर उचला, रॅम्पवर पहिलाच.

आधी सांगायला हवं होतं: हे सगळं टायरला नक्षी असेल तरच. खाचांमधले उंचवटे नक्षीच्या बरोबरीला आले म्हणजे 1.6 मिलिमीटरच उरलंय, तिथे वाळू काय करणार? माझे टायर चांगले होते.

जुलैपासून रॅम्पवर एकदाही अडकलो नाही. गोण्या उन्हाने फाटतात, म्हणून दुहेरी घातल्यात.