कातडीखाली घुस!

आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर उभे राहिले ते फक्त टर्नरचे, म्हणजे लेथवर धातू कापायला शिकवणारे सर. बाकीच्यांवर बाकीचे लिहितीलच. सरांचं नाव लिहीत नाही. १९८७ ते ८९ या काळात त्या पत्र्याच्या शेडमध्ये ज्यांनी घाम गाळला, त्यांना ते सांगायला नको.

दुसऱ्या वर्षी डेअरीच्या पंपाचा शाफ्ट करायला ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलचा ४० मिलिमीटर जाडीचा बार आला. तोवर आम्ही एमएस, म्हणजे साधं मऊ पोलादच कापलेलं. मी सवयीने मिनिटाला २४० फेरे लावले आणि हायस्पीड स्टीलचं टूल भिडवलं. थोड्याच वेळात टोक निळं पडून बसलं. धार लावून आलो, पुन्हा तेच. मग मात्र घाबरलो. माल कडक आहे, हळूहळू खरवडू, असा विचार करून कटाची खोली मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यावर आणली, फीडही (दर फेऱ्याला टूल पुढे सरकतं ते अंतर) अगदी बारीक केला. झालं! टूल कापेना, नुसतं घासायला लागलं. जॉबवर, म्हणजे त्या बारवर, आरशासारखा पट्टा उठला आणि टूल त्यावरून किंचाळत घसरू लागलं.

तो आवाज सरांना शेडच्या दुसऱ्या टोकाला कळला. आले, मशीन बंद केलं. रागावले नाहीत. (रागवायचे ते जॉब पकडणाऱ्या चकातच त्याची चावी विसरली तर.) खिशातला लोहचुंबक बारच्या न कापलेल्या भागाला लावला, चिकटला नाही. मग ट्रेमधल्या किसाजवळ नेला, तर कीस हलला आणि अलगद ओढला गेला.

"बघ, माल तोच. टूलने चिरडला म्हणून आतून बदलला. तू घाबरून घासतोस तसतशी वरची कातडी कडक होत जातेय. कातडीखाली घुस!"

फेरे त्यांनी १४० वर आणले, म्हणजे मिनिटाला साधारण १८ मीटर. एमएसला ३० मीटर सहज चालायचे. एमएसमध्ये उष्णता जॉबभर पसरते. स्टेनलेस एमएसच्या जेमतेम एक तृतीयांश वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे ती टूलच्या टोकाशीच साठते. म्हणून वेग कमी, पण कट दीड मिलिमीटर आणि फीड ०.२! टूल गार ठेवणाऱ्या दुधासारख्या कूलंटची धार थेट टोकावर. "आणि कट चालू असताना मध्येच फीड थांबवायचा नाही. टूल जागच्या जागी घासलं की पुन्हा कातडी तयार." टूल पट्ट्याखाली गेलं आणि लांबच लांब वेटोळा कीस निघाला. मी हात पुढे केला तसा मनगटावर फटका बसला, "आकड्याने ओढ!"

आज भोसरीत माझ्याकडे चार सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आहेत. कार्बाइडच्या इन्सर्टने (टूलच्या बदलता येणाऱ्या टोकाने) हेच ३०४ मिनिटाला दीडशे मीटरने कापतो. मुलं हुशार आहेत, पण काचेचं दार लावलं की कान बंद. मागच्या महिन्यात एकाने इन्सर्ट वाचवायला म्हणून फीड निम्म्याहून खाली नेला आणि उलट दुप्पट इन्सर्ट खाल्ले. मी काय ओरडलो असेन, ते सांगायला नको.

मध्यंतरी येऊन गेलो. शेडच्या जागी आता कॉम्प्युटरची खोली आहे. छान आहे, एसीसुद्धा आहे. पण तिथे लोखंड कुठे आहे? माझ्याकडे साडेचार फुटी जुना लेथ चालू स्थितीत पडून आहे. समितीने कोपरा आणि थ्री फेजची लाइन तेवढी दाखवावी. आणून बसवायचा खर्च माझा.