उघडिपीची धास्ती

गोव्यात पाऊस इंचांत मोजतात. वेधशाळा मिलिमीटर सांगते ते सांगो, सकाळच्या पेपरात इंचच लागतात, आणि शंभर इंच भरले की मथळा ठरलेला: वाळपईत पावसाचे शतक. शंभर इंच म्हणजे २५४० मिलिमीटर. सत्तरी-सांगे या डोंगराकडच्या तालुक्यांत हा आकडा पावसाळा संपायच्या कितीतरी आधी मागे पडतो. किनाऱ्यावर पावसाचा हात जरा आखडता, सह्याद्रीकडे सरकाल तसा तो सैल होत जातो. आम्ही मधले, फोंड्याजवळचे. दोन्हीकडचे आकडे आम्हाला थोडे थोडे लागू आणि पूर्ण कोणताच नाही. त्यामुळे अंगणात स्वतःचा पर्जन्यमापक ठेवणं आलं.

पर्जन्यमापक म्हणजे काही थोर नाही. प्लॅस्टिकचं खुणा केलेलं नळकांडं, कुंपणाच्या खांबाला तारेने आवळलेलं. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून मीही चहाचा कप घेऊन साडेआठलाच खुणेला डोळा लावते. मिलिमीटरचा हिशेब बागेला सोयीचा पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. ६४.५ मिलिमीटरला खातं ‘मुसळधार’ म्हणतं. जुलैत आमच्या वाड्यावर त्याला ‘आज जरा बरा पडला’ म्हणतात.

‘एवढा पडतो तिथे मोजायचा कशाला?’ असं घरातले विचारतात. माडांसाठी, असं सांगितलं तर आणखी हसतात, कारण गोव्यातला माड कोणाच्या मोजणीसाठी अडून बसत नाही. पण माझे माड जरा लांबचे, म्हणजे परदेशी पाम आहेत.

पोर्चच्या कडेला बॉटल पाम आहे, मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड नावाच्या चिमुकल्या बेटावरचा, बुंधा फुगलेला. विहिरीकडे फॉक्सटेल. तो ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधल्या केप मेलव्हिलचा. त्याला शास्त्रीय नाव मिळालं ते १९८३ साली. आज कळंगुटपासून कोळव्यापर्यंत हॉटेलांच्या हिरवळींवर तो इतका रुळलाय की पोर्तुगीजांनीच आणला असावा असं वाटावं. कुंपणापाशी रुपेरी पंख्यांचा बिस्मार्किया, मादागास्करचा. दिवाणखान्यात घरोघरी असतो तो अरेका पामही मादागास्करचाच. आंब्याच्या सावलीत लिकुआला, गोल घडीदार पानांचा, वानुआतूचा. आणि लाल देठांचा लिपस्टिक पाम, मलेशिया-बोर्निओच्या दलदलीतला. त्याच्याबद्दल पुढे बोलायचंच आहे, तो घरातल्या लाडक्या पाहुण्याइतकाच तापदायक आहे.

लांबच्या माडांचं वेड गोव्याला नवीन नाही. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात औषधींचा ग्रंथ छापला, त्यात मालदीवच्या नारळाची चर्चा आहे. हा जोडनारळ लाटांबरोबर वाहत यायचा, त्याचं झाड कोणी पाहिलेलं नव्हतं, आणि ते समुद्राच्या तळाशी उगवतं अशी समजूत होती. झाड होतं सेशेल्स बेटांवर. ते युरोपियनांना सापडायला पुढे दोनशे वर्षं गेली.

नारळ पाडायला येणाऱ्या पाडेलीला मात्र या इतिहासाचं काही नाही. फॉक्सटेलचा गुळगुळीत बुंधा त्याने एकदा हाताने चाचपला, वर बघितलं आणि मला विचारलं, “बाय, ह्या माडाक नाल्ल केन्ना लागतले?”

“लागचे नात.”

“मागीर कित्याक दवरला?”

मग ठेवलाय कशाला, या प्रश्नाला अजून मला नीट उत्तर सुचलेलं नाही.

यातले बहुतेक सगळे विषुववृत्ताच्या दक्षिणेकडचे. त्यांच्या मुलखात पाऊस डिसेंबर ते मार्चमध्ये, म्हणजे आमच्याकडे ओढे आटतात, काजूला मोहर येतो आणि पूर्वेकडून कोरडा वारा सुटतो तेव्हा. आमचा पाऊस कोसळतो तेव्हा तिकडे हिवाळा. झाडाला अर्थातच पंचांग ठाऊक नसतं. इथे बी रुजून वाढलेलं रोप इथलंच हवामान खरं मानतं. तरी जानेवारीत पाणी घालताना माझ्या मनात येतंच की याच्या आजोबांच्या गावी आत्ता धो धो चालू असेल.

परदेशी झाडं गोव्याच्या पावसात कुजतात, हा सर्रास समज. नर्सरीवालेही तसंच सांगतात. मला हा समज अर्धाच खरा वाटतो. आमच्या जांभ्याच्या लाल मातीत पाणी ठरत नाही, कुंडीला भोकं धड असली तर जुलैचा मारा ही झाडं मजेत खातात. दाट ढग, दमट हवा, उन्हाचा पत्ता नाही, यात पानं भराभर येतात, रुंद, मऊ, गडद हिरवी. माझी झोप उडते ती उघडिपीने. सप्टेंबरच्या अखेरीला एक दिवस आभाळ अचानक स्वच्छ होतं, सगळे गच्चीवर गाद्या टाकायला धावतात, आणि मी शेडनेट शोधत असते.

कारण सावलीत घडलेलं पान उन्हाचं नसतं. लिकुआलाचंच पाहा. जुलैत त्याची सुरळी उलगडली की थाळ्याएवढं पान पसरतं, एकेका घडीचा कंगोरा ताठ, कडा कातरलेल्या. पहिल्या कडक उन्हाच्या संध्याकाळी पश्चिमेकडच्या कंगोऱ्यांवर फिकट पट्टा दिसतो, बोट फिरवलं तर काही लागत नाही. दोन-चार दिवसांत पट्टा पांढरट होतो, मग तपकिरी, आणि चिमटीत धरला तर चुरचुर वाजतो. घडीच्या खोलगट भागात पान तसंच हिरवं. झाड मरत नाही. पण ताडकुळातलं पान एकदा भाजलं की भाजलं, नवं येईपर्यंत तोच चेहरा. लिकुआलाला नवं पान काढायची घाई कधीच नसते. म्हणून नवरात्राच्या आधी कुंपणावर माडाच्या झावळ्यांचा आडोसा उभा राहतो. शेडनेटपेक्षा मला झावळ्याच पसंत. त्या हळूहळू वाळत, विरळ होत जातात, तसं पानालाही ऊन थोडं थोडं वाढवून मिळतं.

पानावर डाग कुठे पडला यावरून हवेचा बराच हिशेब लागतो. शेंड्याकडून करपत आलं तर पाणी कमी किंवा खारा वारा. पश्चिमेच्या अंगाला मधोमध भाजलं तर ऊन. सगळ्यात जुन्या, खालच्या पानांवर पिवळे-केशरी ठिपके आले तर पावसाने मातीतलं पोटॅश धुऊन नेलं. अशी पिवळी पानं दिसायला वाईट म्हणून लोक कापून टाकतात. ती कापू नयेत, झाड त्यातूनच पोटॅश ओढून वरच्या कोवळ्या पानांना पुरवत असतं. आणि मधली न उलगडलेली सुरळी नुसत्या हाताने उपसून आली, बुडाशी घाण वास आला, तर पुढचं बोलायलाच नको. या कुळात एकेका खोडाला जीव एकच, शेंड्यात. फांदी नाही, दुसरा डोळा नाही, कोंब कुजला की संपलं.

कोंब कुजू नये म्हणून पावसाआधी बोर्डो मिश्रणाचा फवारा. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. कुळागरवाले, म्हणजे सुपारीच्या बागा असलेले, पोफळींना कोळेरोग (फळं कुजण्याचा रोग) येऊ नये म्हणून हेच मारतात, मेअखेरीस पोफळीचे घोस निळसर दिसतात ते यामुळे. फवारा सुकायला कोरडे तास हवेत, आणि ते कधी मिळणार यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. मी मोबाइलवर वेधशाळेचं रडार बघते, सासूबाई पंचांग बघतात. मृगाचं वाहन यंदा काय, कोल्हा की बेडूक, यावर त्यांचा पाऊस ठरतो. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर भरपूर. “अगं, तुझं ते रंगीत चित्र आत्ताचं सांगतं, माझं वाहन पंधरवड्याचं सांगतं,” असं त्या म्हणतात आणि यावर वाद घालणं कठीण जातं. २०२५ साली दोघींचीही पंचाईत झाली. मॉन्सून २४ मेलाच केरळात उतरला, नेहमीची तारीख १ जून, आणि मे संपायच्या आत गोव्यात पोहोचला. मृग लागायला अजून अवकाश होता, वाहन निघालंच नव्हतं. मोरचूद पिशवीत, पिशवी कोठीत.

किनाऱ्यावरची गणितं निराळी. माझी मावसबहीण मोरजीला राहते. तिच्याकडे दुपारचा खारा वारा सरळ पानांवर येतो, त्यामुळे नारळ खुशीत आणि लिकुआला अशक्य. ती माझ्या पानांचा हेवा करते, मी तिच्या नारळांचा.

पहिल्या पावसाबरोबर गेंड्या भुंगा येतो. शेणकीत, कुजक्या लाकडात वाढतो आणि रात्री उडून माडाच्या शेंड्यात शिरतो. तो आत असताना काही कळत नाही. कळतं पुढे, पान उलगडल्यावर, कात्रीने कापल्यागत त्रिकोणी खाच पडलेली असते तेव्हा. देशी-परदेशी असा भेद तो करत नाही. पानाच्या बेचक्यांत रेती आणि कडुनिंबाची पेंड भरणं हा जुना उपाय, तोच चालतो.

आता लिपस्टिक पाम. कुंडीखाली पाणी साचू देऊ नये, हे बागकामाचं पहिलं वाक्य, आणि हा पठ्ठ्या कुंडी पाण्याच्या परातीत ठेवली तरच खूश. दलदलीतून आलेला, पाय कोरडे पडलेले त्याला खपत नाहीत, थंडीही खपत नाही. डिसेंबरात आमच्याकडे पहाटे वीसच्या खाली पारा गेला की तो रुसतो. पावसाळ्यात आरोग्य केंद्राच्या बाई डासांच्या अळ्या शोधत घरोघरी फिरतात, त्या आमच्या फाटकातून थेट परातीकडेच जातात. शेवटी त्यांनीच गप्पी मासे आणून सोडले. आता लाल देठांच्या मुळाशी मासे फिरतात आणि पाहुण्यांना वाटतं ही माझीच कल्पना.

या सगळ्या कौतुकात परसातले नारळाचे माड मागे राहतात, पण हवेची खरी नोंदवही तेच. माडाच्या पोयीचा, म्हणजे फुलोऱ्याचा, आरंभ शेंड्याच्या आत ती उमलायच्या अडीच वर्षांहून आधी होतो, आणि उमलल्यावर नारळ पिकायला आणखी वर्ष. म्हणजे आज पाडेली जो घड खाली सोडतो त्याची सुरुवात साडेतीन वर्षांपूर्वीची. एखाद्या उन्हाळ्यात विहीर आटली तर त्याची वसुली माड लगेच करत नाही, दोन-अडीच वर्षांनी करतो, आपण ती विहीर विसरल्यावर. नारळ कमी आले की घरात माकडांना शिव्या बसतात. मी पावसाच्या वहीतली जुनी पानं काढते. माकडं अगदी निर्दोष सुटतात असं नाही.

बुंध्यातही हे लिहिलेलं असतं. आंब्या-फणसाचं खोड वर्षागणिक जाड होत जातं, जुने घाव पोटात घेतं. माडाचं खोड एकदा घडलं की त्याच जाडीचं राहतं, पुसणं-झाकणं नाही. गळलेल्या झावळीचा वळ तसाच, पाडेलीच्या कोयत्याची खाचही तशीच. तंगीच्या वर्षांत बुंधा तेवढ्यापुरता बारीक होतो आणि वळ जवळजवळ येतात. आमच्या न्हाणीमागच्या माडाला डोक्याच्या बरंच वर अशी एक कंबर आहे. ती कोणत्या उन्हाळ्यांची यावर सासूबाई आणि दीर यांचं एकमत नाही. मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा हा माड इतका वाकला की आम्ही घराच्या पुढल्या बाजूला जाऊन बसलो. तो उभा राहिला. शेजारचा फणस विजेच्या तारा घेऊन आडवा झाला आणि वीज यायला दिवस लागले.

अशा या माडाला २०१६ साली गोवा सरकारने झाडं तोडण्यावर बंधन घालणाऱ्या कायद्यातून वगळलं, का तर तो वनस्पतिशास्त्राप्रमाणे झाड नाही. शास्त्र म्हणून ते चूक नव्हतं. गोवेकर मात्र शास्त्र ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. पुढच्या वर्षी सरकार बदललं आणि माड पुन्हा झाडांत आला.

सध्या माझं लक्ष शेजारच्या कुळागरातल्या भेरली माडावर आहे. तो अस्सल इथला, तरी माझ्या सगळ्या पाहुण्यांपेक्षा विलक्षण. वर्षानुवर्षं नुसता वाढतो, लग्नाच्या मांडवाला झावळ्या पुरवतो, आणि एकदा फुलायला लागला की शेंड्यापासून खाली, एका खाली एक, जटांसारखे घोस सोडत येतो. सगळ्यात खालचा घोस पिकला की माड मरतो. शेजारच्या काकांच्या माडाला वरून तिसरा घोस सुटलाय. “अजून दोन-तीन पावसाळे काढील,” असं ते म्हणतात. फळं उदमांजरं खातात आणि बिया रानभर पसरवतात, पण थोड्या आपल्यासाठी राखायचं काकांनी कबूल केलंय. हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही, गराने दिवसभर खाज सुटते, हेही त्यांनीच बजावलं. हातमोजे आणून ठेवलेत. रोपांसाठी जागा विहिरीमागे बघितलीय, तिथे दुपारनंतर ऊन येत नाही.