प्रागच्या रस्त्यावरचा खामोरो
मे महिन्याच्या शेवटी प्रागमध्ये असाल तर खामोरो चुकवू नका. रोमा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हटलं जातं त्या समाजाच्या संगीताचा हा महोत्सव १९९९ साली सुरू झाला. जिप्सी जॅझ, बाल्कनकडचे ब्रास बँड, सगळं ऐकायला मिळतं. मैफली छानच, पण माझा जीव अडकतो तो शहराच्या जुन्या भागातून निघणाऱ्या मिरवणुकीत.

यंदा एका बाल्कन बँडच्या मागोमाग चालत राहिले. लहानपणी तबला शिकलेय, त्यामुळे बोटं आपोआप मात्रा मोजायला लागली. नऊ मात्रा, पण तीन-तीन-तीन नव्हे. दोन, दोन, दोन आणि मग तीन! ढोलवाला एका हातातल्या जाड काठीने घुमारा काढत होता आणि दुसऱ्या हातातल्या बारीक काडीने मधल्या जागा भरत होता. काय हात होता त्याचा!

हे संगीत इथे भर रस्त्यात वाजतं, याचं मला फार मोल वाटतं. दुसऱ्या महायुद्धात चेक भूमीतले बहुतेक रोमा नाझींनी संपवले. लेटी गावाजवळ रोमांना डांबून ठेवलेल्या छावणीच्या जागी नंतर कित्येक दशकं चक्क डुकरांचं फार्म होतं. ते पाडायला २०२२ उजाडावं लागलं.

पुढच्या मेमध्ये येणार असाल तर कळवा, मिरवणुकीला एकत्र जाऊ.