मुरली की गेली?

दुपारी माळा आवरायला काढला की जुनी समई, सायकलचा पंप आणि लग्नाचे अल्बम यांच्यामागे एखादी बाटली उभी सापडते. कुणीतरी परदेशातून आणलेली, 'काहीतरी खास असेल तेव्हा फोडू' म्हणून ठेवलेली. खास ते येऊन गेलं, बाटली मात्र कुणालाच आठवली नाही. धूळ पुसता पुसता घरातलं कुणीतरी म्हणतंच, "असू दे, वाईन जितकी जुनी तितकी चांगली."

हा विश्वास आपल्याकडे द्राक्षांच्या मळ्यातून आलेला नाही, तो लोणच्याच्या बरणीतून आलाय. फोडींवर बोटभर तेल तरंगायला हवं, तोंडाला दादरा घट्ट हवा, आणि ओला हात? नावच नको! बरणीजवळ गेलेल्या पोराच्या हाताकडे आजीचं लक्ष आधी जायचं, तोंडाकडे नंतर. कैरी त्या तेलाखाली निवांत मुरायची. 'मुरणं' हा शब्द आपल्याला इतका प्रिय, की जुन्या झालेल्या कशालाही तो चिकटवून टाकतो. जगातली बहुतेक वाईन मुरत नाही, नुसती म्हातारी होते. नाशिकची साधी पांढरी किंवा गुलाबी 'रोझे' तर वर्ष-दोन वर्षांत संपवलेलीच बरी.

त्यात आपला माळा. वाईनला हवे बारा-तेरा अंश, अंधार, सत्तर टक्क्यांच्या आसपास दमटपणा आणि आडवं पडून राहणं. आपण देतो स्वयंपाकघराची वाफ, मे महिना आणि उभं राहण्याची शिक्षा. चोवीस मिलिमीटर जाडीचं बूच साडेअठरा मिलिमीटरच्या गळ्यात दाबून बसवलेलं असतं. सगळी भिस्त त्याच्या फुगून राहण्यावर. बाटली उभी राहिली की बूच सुकतं, त्याची ताकद जाते. दिवसा वाईन तापून फुगते आणि बूच वर ढकलते, रात्री आकसते आणि बाहेरची हवा आत ओढते. असे दहा उन्हाळे. फिरकीचं झाकण असेल तर बुचाची काळजी मिटते, उष्णतेची नाही.

म्हणून फोडण्याआधी बाटली उजेडात धरून बघावी. बूच गळ्याच्या वर आलंय का? वरच्या पत्र्याखाली चिकट ओघळ आहे का? वाईनची पातळी गळ्यात असेल तर आशा आहे. खांद्याच्याही खाली गेली असेल तर ग्लास काढायची घाई नको. तळाशी साखरेसारखे पांढरे खडे दिसले तर घाबरू नये, ते द्राक्षातल्याच आम्लाचे. काळपट गाळही निरुपद्रवी, पण कडू. त्यासाठी बाटली दोन दिवस उभी ठेवायची, म्हणजे तो खाली बसतो.

मग बूच. साधा स्क्रू जुन्या बुचाचा भुगा करतो. तिथे दोन पात्यांचा चिमटा हवा, त्याला 'आह-सो' म्हणतात. लांब पातं आधी बूच आणि काच यांच्यामधून सरकवायचं, मग आखूड, आणि डावं-उजवं डोलवत मुठीपर्यंत खाली न्यायचं. मग फिरवत फिरवत वर, घाई न करता. बूच आधीच सैल असेल तर मात्र हाच चिमटा त्याला आत ढकलतो. अशा वेळी मधोमध स्क्रू रोवून बूच धरून ठेवायचं आणि मग पाती घालायची. हे दोन्ही एकत्र असलेलं हत्यारही मिळतं. तरीही तुटलंच, तर उरलेलं आत ढकलावं आणि धुतलेल्या मलमलीतून गाळून घ्यावं. मलमल साबणाच्या वासाची नको, नाहीतर नंतर दोष वाईनला. ओतताना गळ्याखाली टॉर्च धरायचा, बाटली एकदाच तिरपी करायची आणि गाळाची काळी रेघ गळ्याशी आली की थांबायचं. तळाची अर्धी वाटी गेली तर जाऊ द्यावी.

पोर्तुगालच्या 'पोर्ट' नावाच्या गोड वाईनच्या जुन्या बाटल्यांचे शौकीन तर बुचाच्या वाटेलाच जात नाहीत. लालबुंद तापवलेला चिमटा बुचाखाली गळ्याला लावतात, मग ओलं गार फडकं, आणि काचेचा गळाच बुचासकट निघतो. बघायला छान, घरी करायला नको.

बूच हुंगून गंभीरपणे मान डोलावणारे लोक मला कधीच पटले नाहीत. बुचाला बुचाचाच वास येणार. ग्लास हुंगा, आणि दोनदा हुंगा. आधी काडेपेटीचा किंवा कोंदट वास आला तर दहा मिनिटं थांबा, बहुधा उडून जातो. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर थांबण्यात अर्थ नाही, हवा लागली की तो वाढतोच. तो टीसीए नावाच्या रसायनाचा, लिटरमागे काही नॅनोग्रॅमही नाकाला पुरतात. नेलपॉलिशचा किंवा शिरक्याचा वास असेल, किंवा पांढरी वाईन तपकिरी होऊन डागाळलेल्या सफरचंदासारखी लागली, तर ती गेली. प्यायल्याने मरत नाही कुणी, आनंद मात्र मरतो. आणि चांगली निघाली, तर लगेच प्या. खूप जुनी वाईन कधीकधी अर्ध्या तासातच मावळते.

आपल्या माळ्याला न भिणारी वाईन एकच, पोर्तुगालच्या मदेरा बेटाची. जुन्या काळी तिची पिंपं जहाजातून उष्ण कटिबंध ओलांडून हिंदुस्थानपर्यंत येत आणि परत जात, ती त्या उन्हामुळेच नावारूपाला आली. आता जहाजाऐवजी टाकीत ती निदान तीन महिने पंचेचाळीस-पन्नास अंशांवर तापवतात. म्हणजे नागपूरचा मे महिना, फक्त मुद्दाम विकत घेतलेला.

जर्मनीत श्पायर गावच्या संग्रहालयात एक दीड लिटरची काचेची बाटली आहे. १८६७ साली रोमन थडग्यात सापडलेली, चौथ्या शतकातली. आतल्या वाईनवर ऑलिव्ह तेलाचा जाड थर, वर मेण. लोणच्याची तीच युक्ती, पण सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीची. ती अजून कुणी फोडलेली नाही.