कृष्णाकाठची फेरी : सहावा महिना, घाटाच्या पायऱ्या आणि कवड्याचं बीळ

ऑक्टोबरात सुरू केलेली सांगलीच्या सरकारी घाट ते हरिपूर ही पक्षी बघायची रविवारची फेरी मार्च संपला तरी चालू आहे. सहा महिन्यांत तीन रविवार चुकले. यादी ५८ पक्ष्यांवर आली, ती पुढे सवडीनं देईन. या महिन्यात सगळ्यात जास्त शिकवलं ते पायऱ्यांच्या नोंदीनं.

डिसेंबरपासून फेरीआधी घाटाच्या पाण्याबाहेरच्या पायऱ्या मोजतो आणि तारखेशेजारी आकडा लिहितो. आयर्विन पुलावर पाण्याची पातळी दाखवणारे फूट आपल्याला पावसाळ्यातच आठवतात. ४० ला इशारा, ४५ ला धोका आणि २०१९ च्या पुरात ५७ च्या वर, हे सांगलीत पोरालाही पाठ आहे. उन्हाळ्यातल्या नदीची पातळी मात्र कुणी विचारत नाही. पाणपक्ष्यांचं सगळं बिऱ्हाड याच दिवसांत, याच खालच्या चार-दोन फुटांत असतं. त्यात आपल्या नदीतलं पाणी आपल्या पावसाचं नाही. कोयना धरणातून सोडलं की चढतं, वरच्या ताकारी-टेंभू उपसा योजनांचे पंप चालू झाले की उतरतं.

फेब्रुवारीत पाणी उतरत गेलं तसा चिखलाचा पट्टा उघडा पडला. तुतवार शेपूट हलवत कडेकडेनं फिरायला लागले, धोबीही वाढले. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्याच पट्ट्याच्या वर, बारीक गोट्यांत टिटवीची चार अंडी दिसली. टोकं आत, रंग असा की नजर हलवली तर परत सापडेनात. मी लगेच मागे फिरलो. पुढच्या रविवारी चार पायऱ्या पाण्याखाली होत्या आणि ती जागाही. टिटव्यांची जोडी पाण्यावर घिरट्या घालत ओरडत होती. त्या दिवशी पुढे हरिपूरपर्यंत जावंसं वाटलं नाही. आधीच्या आठवड्यांचे आकडे लिहिलेले नसते तर कुत्र्यांनी खाल्ली असतील, असं समजून मोकळा झालो असतो.

कवड्या धीवराचं, म्हणजे काळ्या-पांढऱ्या खंड्याचं, मात्र बरं चाललंय. पुरानं मळीची, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीची, कड उभी कापून काढलीय, तिथं पाण्यापासून दीड पुरुष उंचीवर मुठीएवढं बीळ आहे. जागा मुद्दाम सांगत नाही, समजून घ्या. दोन आठवडे पलीकडच्या काठावरून दुर्बिणीनं बघतोय. एक आत गेला की बिळातून मातीचा फवारा मागे उडतो, मग तो चोचीला चिखल लागलेला बाहेर येतो आणि दुसरा आत शिरतो. नराच्या छातीवर दोन काळे पट्टे, मादीला एकच, तोही मध्ये तुटलेला. यावरून पाळ्या ओळखता आल्या. गेल्या रविवारी नर पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबला, चोच सरळ खाली, डोकं खिळा ठोकल्यासारखं स्थिर. मी आकडे मोजले, नऊ झाल्यावर तो दगडासारखा पडला. मासळी घेऊन वर आला, वाळुंजाच्या फांदीवर तिला दोनदा आपटलं आणि मादीला भरवली. नेहमीचा खंड्या सहसा असा हवेत थांबत नाही, तो बहुतेकदा फांदीवर बसूनच वाट बघतो.

शहराचं सांडपाणी आणणाऱ्या शेरी नाल्याच्या खालच्या अंगाला शेकाटे तेवीस झाले. लांब गुलाबी पाय, फोटो सुरेख येतात. पण घाण पाण्यातल्या किड्यांवर त्यांचं छान भागतं, म्हणून या आकड्यावर मी खूश नाही. तिथल्या पाण्याला येणारा वास आकड्याशेजारी लिहून ठेवलाय.

नवीन येणाऱ्यांसाठी एकच सांगणं. हरिपूरच्या अलीकडे खाली उतरत होतो तेव्हा जाळं सोडवत बसलेले मामा ओरडले, "सायेब, तितं उतरू नगासा, मगर उन्हाला पडलीया." पन्नास पावलांवर होती, तोंड उघडं, चिखलाच्या रंगाची. मला दिसलीच नव्हती. मार्च-एप्रिल मगरींचा अंडी घालायचा काळ, तेव्हा काठाच्या वरूनच चाला आणि मासेमारी करणाऱ्यांना आधी विचारा.

आज पायऱ्या अकरा. बीळ कोरडं आहे. पाणी सोडलं तरी तिथवर चढायला बराच वाव आहे, हे पहिल्यांदाच मोजून सांगता येतंय.