किती मारलास मर्दा?

रविवार, रात्र

सुट्टीवर घरी आल्यापासनं एकच प्रश्न चाललाय. तालमीपाशी, टपरीवर, मिसळ खायला बसलो तर शेजारच्या टेबलावरनं, "किती मारलास मर्दा?" क्रोएशियात टीम स्पिअरफिशिंगच्या, म्हणजे समुद्रात बुडी मारून बाणाच्या बंदुकीनं मासे मारायच्या स्पर्धेत उतरलो होतो हे आईनं अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलंय, आणि लोकांच्या डोक्यात आपलं मोठ्ठा मासा, खांद्यावर बंदूक, हातात कप. मी खरं काय ते सांगतो, की त्या दिवशी निम्म्याहून जास्त वेळ मी पाण्यावर पालथा पडून खाली पार्टनरकडं बघत होतो. मग सगळे गप्प. आज एकजण म्हणालाच, "हेच करायचं होतं तर पंचगंगेवर गळ टाकून बसायचं की लेका."

पण खेळ तोच आहे ना भावा. सिलिंडर चालत नाही, एका दमात जायचं आणि यायचं. आमच्या स्पर्धेत दोघांत एकच बंदूक आणि एकच झेंडा लावलेला फ्लोट, त्यामुळं एक खाली तर दुसरा वर, दोघं एकदम खाली नाहीत. माझा पार्टनर म्हणजे मी ज्या हॉटेलच्या किचनमध्ये आहे तिथलाच मेंटेनन्सवाला, लोशिन बेटावरचाच गडी, इंग्रजी माझ्यापेक्षा कच्चं. माणसं तिथली या बाबतीत लई ताठ, आणि असणारच, या खेळाची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप १९५७ ला त्यांच्याच माली लोशिनला झालीय, तेव्हा तो युगोस्लाव्हिया होता. आमची स्पर्धा आपली क्लबातली, छोटी. तरी बोटीवरचं वातावरण खासबागेत कुस्ती लागायच्या आधी असतंय तसं, कोण कुणाशी बोलत नाही, जो तो सूटच्या आत साबणाचं पाणी ओतून अंग घुसवतोय. आतनं ओपन सेल निओप्रीन, म्हणजे अंगाला चिकटणारं नाजूक स्पंजी रबर, कोरडं घालायला गेलं की फाटतंय.

सगळ्यात भारी शिकार झाली ती उगोरची. उगोर म्हणजे समुद्रातला अहिर, आपल्या वामसारखा पण मांडीएवढा जाड. पंधरा मीटरवर कपारीत बसलेला, पार्टनरनं बाण घातला आणि त्यानं आत दगडाला अंग आवळून धरलं. वरनं मला फक्त दोन लांब फिन्स आणि गढूळ धूर दिसतोय. मी मनात आकडे मोजतोय. तो ओढतोय, ओढतोय, आणि मग बंदूक तिथंच सोडून वर निघाला, हे बघून मला जेवढं बरं वाटलं तेवढं मासा वर आल्यावरही वाटलं नाही. वर आला, ओठ जरा निळसर, झटक्यानं दम आत घेऊन क्षणभर धरायचा, परत घ्यायचा, असं तीन-चारदा केलं, अंगठा-बोट जोडून ओके दाखवलं. तरी मी त्याच्या तोंडावरनं नजर काढली नाही. अर्धा मिनिट तरी बघायचंच असतंय, कारण कितीतरी माणसं वर येऊन, एक श्वास घेऊन, मग बेशुद्ध पडतात. नंतर मी गेलो, बाण सोडवला, परत तो गेला, असं करत करत एकदाचा तो उगोर निघाला.

हे शेजारच्या काकांना सांगत होतो तर ते म्हणाले, "अरे बुडी मारायच्या आधी भस्त्रिका कर चांगली, दुप्पट वेळ टिकशील." काका योगवर्गाला जातात, मन मोडवत नव्हतं, पण नेमकं हेच माणूस मारतंय. श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन संपला म्हणून नाही, कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून. जोरजोरात श्वास टाकून तोच आधी बाहेर काढला की घंटाच वाजत नाही, ऑक्सिजन मात्र संपतच असतोय. त्यात दहा मीटरवर दाब वरच्या दुप्पट, म्हणजे खाली फुफ्फुसातला ऑक्सिजन पुरतोय, आणि वर येताना शेवटच्या दहा मीटरात त्याचा दाब निम्म्यावर येतोय. माणूस खाली ठणठणीत असतो आणि हात पाण्याबाहेर निघणार तेवढ्यात विझतो. काका म्हणाले, "मग प्राणायाम वाईट का?" नाही हो काका, चटईवर करा की.

आपल्याकडं विहिरीवर पोरं तळाची माती आणायची पैज लावतात, मीही लावायचो. काठावर दहा पोरं असतात पण बघत कोण नसतंय, सगळ्यांचं लक्ष आपली पाळी कधी याच्याकडं. उद्या पाचगावच्या मित्राच्या विहिरीवर जायचंय, त्याच्या भाच्यांना एकानं बुडायचं आणि एकानं बघायचं हे लावून देणार. ऐकतील असं वाटत नाही.

नंबर? खालनं मोजलेलं सोपं. शाराग जातीचे दोन मासे काट्यावर जरा कमी भरले आणि बाद झाले, पार्टनर काटेवाल्याशी क्रोएशियनमध्ये बराच वेळ भांडला, मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही पण सूर पार भाजी मंडईतला. संध्याकाळी उगोरचा ब्रुदेत केला, म्हणजे टोमॅटो-कांद्यातला त्यांचा रस्सा, सोबत मक्याच्या पिठाचा पोलेंटा. मासा एक नंबर, रस्सा आपल्या तोंडाला अगदीच फिका. माझ्या बॅगेत आईनं दिलेली कांदा-लसूण चटणी होती, माझ्या ताटात दोन चमचे घातली. पार्टनर म्हणाला मला पण. घाम पुसत पुसत त्यानं ताट संपवलं आणि आता मेसेज करतोय, येताना दोन किलो आण.